मामांच्या कॅसेटी आणि गाण्याची बिदागी

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे इंदूरचेच, सुदामा नगरातले, वय तिशीच्या आत, नोकरी सॉफ्टवेअरमधली. रात्री काम आटोपलं की अमीर खाँसाहेबांचा मारवा राग लावतात, सकाळी गाडीत कुमारजींची, म्हणजे कुमार गंधर्वांची, निर्गुणी भजनं, सुटीच्या दिवशी आजच्या पिढीतलं कुणीतरी. निम्मं ऐकणं यूट्यूबवर फुकट, निम्मं एका ॲपवर, ज्याचे महिन्याला शंभर-दीडशे रुपये जातात. गेल्या वर्षी त्यांचे मामा गेले आणि कपाटातून एकशे चाळीस कॅसेटी निघाल्या, बहुतेक इंदूर-देवासच्या घरगुती बैठकांच्या. एकीवर मामांच्या अक्षरात ‘रामबाग, १९९८, पूरिया कल्याण’ असं लिहिलं आहे. ज्या बाई गायल्या आहेत त्या हयात आहेत आणि इंदुरातच राहतात. तर या सगळ्या ऐकण्यासाठी मी कुणाचं काही देणं लागतो का, ॲपचे पैसे भरले म्हणजे सुटलो का, आणि मामांच्या कॅसेटी यूट्यूबवर टाकल्या तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी माझी बाजू सांगतो, नाहीतर नंतर कुणी चोराच्या उलट्या बोंबा म्हणेल. १९८४ ते १९९३ या काळात जेल रोडजवळच्या एका गल्लीत मी कॅसेटी भरून द्यायचो. आज हे वाक्य तरुणांना समजावून सांगावं लागतं. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी घेऊन यायचं. माझ्याकडे शे-दीडशे एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, आणि कॅसेटी भरायचे दोन डेक होते. यादीतली गाणी साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटीत क्रमानं उतरवायची आणि संध्याकाळी घेऊन जा म्हणायचं. कॅसेटीचे पैसे वेगळे, भरणावळ वेगळी. कंपनीला, गायकाला, गीतकाराला काही द्यायचं असतं हे डोक्यातही येत नव्हतं. शहरात अशी दुकानं बरीच होती आणि कुणीही त्याला चोरी म्हणत नव्हतं.

शास्त्रीयवाले लोक जरा निराळे. ते यादी आणत नसत, कॅसेटच आणत: ‘परवा अमक्यांच्या माडीवर बैठक झाली, हिची एक प्रत काढून द्या.’ एक प्रत त्यांना, एक गुपचूप माझ्या कपाटात. वर्षा-दोन वर्षांत माझ्याकडे अशा शंभरेक बैठका जमल्या आणि त्यांचंही गिऱ्हाईक तयार झालं. १९८७च्या पावसाळ्यात एक बाई छत्री मिटत दुकानात आल्या. डेकवर त्यांचाच बागेश्री चालू होता, कुणातरी तिसऱ्यासाठी भरला जात होता. त्यांनी उभ्यानंच पाच-सात मिनिटं ऐकलं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, ‘या बैठकीची टेप मला कुणी दिलीच नाही. मलाही एक द्या.’ मी पैसे नको म्हणालो, तरी त्यांनी दराच्या पाटीकडे बघून तेवढे मोजून काउंटरवर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी येऊन कॅसेट घेऊन गेल्या.

त्या दिवसापासून मी सुधारलो वगैरे काही नाही. दुकान पुढं सहा वर्षं चाललं, आणि बंद पडलं तेही नीतीमुळे नाही: कंपन्यांच्याच कॅसेटी इतक्या स्वस्त झाल्या की भरून घेणं लोकांना परवडेना. मग मी ध्वनिमुद्रणाकडे वळलो आणि गेली तीस वर्षं बैठकांत एका कोपऱ्यात हेडफोन घालून बसतो. पण बाईंनी मोजून ठेवलेले ते पैसे डोक्यातून गेले नाहीत. म्हणून तुमच्यासारखा प्रश्न कुणी विचारला की मी आधी एवढंच विचारतो: तुम्ही दिलेला पैसा गाणाऱ्यापर्यंत पोचतो का?

ॲपचं बघा. तुमचे शंभर रुपये तुम्ही ऐकलेल्या गायकाकडे जातात असा बहुतेकांचा समज असतो. बहुतेक ॲपांवर तसं होत नाही. सगळ्या वर्गणीदारांचे पैसे एका हंड्यात पडतात, ॲप आपला हिस्सा काढून घेतं, आणि उरलेली रक्कम त्या महिन्यात कोणतं गाणं किती वेळा वाजलं त्या प्रमाणात वाटली जाते. तुम्ही महिनाभर फक्त मारवा ऐकलात तरी तुमच्या शंभरातला मोठा वाटा त्या महिन्यात गाजलेल्या पंजाबी गाण्याला जातो. ही गणेशोत्सवाची वर्गणी झाली: तुम्ही नाट्यसंगीताचा कार्यक्रम व्हावा म्हणून दिलीत, मंडळानं बहुमतानं डीजे आणला. ऐकणाऱ्याचा पैसा त्यानं ऐकलेल्यालाच द्यायचा, अशी पद्धत साउंडक्लाउड या ॲपनं २०२१ साली आणली, पण मोठ्या ॲपांनी ती घेतली नाही.

त्यातही ख्यालाची गोची वेगळीच आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं. तीन मिनिटांचं गाणं एकदा वाजलं, एक. पन्नास मिनिटांचा विलंबित झुमरा, म्हणजे झुमरा तालातला संथ ख्याल, एकदा वाजला, तरी एकच. त्या पन्नास मिनिटांत दुसरा कुणी सोळा गाणी ऐकतो आणि सोळांची नोंद होते. हल्लीच्या शास्त्रीय अल्बमांत आलाप, बडा ख्याल, छोटा ख्याल, तराणा असे तुकडे वेगवेगळे टाकलेले दिसतात. त्यामागे रसिकांची सोय आहेच, पण हा हिशेबही आहे. मीच दोघातिघांना तसं करायला सांगितलं आहे, आणि बडा ख्याल संपून छोटा सुरू होतो तिथं कात्री चालवताना दर वेळी हात अडखळतो. त्यावर २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा की एखादं ध्वनिमुद्रण बारा महिन्यांत हजार वेळाही वाजलं नाही तर त्याचे पैसेच धरायचे नाहीत. शहरातली चांगली, पण नाव न झालेली गायिका या हजाराच्या अलीकडे अडकते. तिचे जे काही थोडे पैसे झाले असते ते हंड्यात टाकले जातात.

एवढं सांगूनही मी म्हणेन, ॲपचे पैसे भरा. जाहिराती ऐकत फुकट ऐकणाऱ्यापेक्षा वर्गणीदाराच्या ऐकण्यामागे बरंच जास्त मिळतं. पण ती वर्गणी म्हणजे नळपट्टी. नळपट्टी भरली म्हणून विहीर खणणाऱ्याला मजुरी दिली असं होत नाही. शिवाय ते गाणं तुमचं होत नाही. २०२४ साली विंक हे गाण्यांचं ॲप बंद झालं तेव्हा माझ्या पुतण्याची आठ वर्षं जमवलेली यादी त्याच्याबरोबर गेली. त्याच्या आजोबांची मारवा-दरबारीची एलपी अजून वाजते. एक ओरखडा दरबारीत आहे, आणि आता तो ओरखडा नसलेला दरबारी ऐकला की आम्हाला चुकल्यासारखं वाटतं.

आता अमीर खाँसाहेब. तुम्ही यूट्यूबवर ऐकता त्याचं काय? इथं कायदा थोडा समजून घ्यायला हवा, कारण लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो सगळंच चोरी, दुसरा म्हणतो जुनं ते सगळं गावकीचं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे १९६० साली प्रकाशित झालेली तबकडी असेल तर २०२० संपताना कंपनीचा हक्क संपला. चीज, म्हणजे गायची बंदिश, पारंपरिक असेल तर तिच्यावर कुणाचाच हक्क नाही. पण रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो: कुमारजी १२ जानेवारी १९९२ रोजी देवासला गेले, त्यामुळे त्यांनी स्वतः बांधलेल्या बंदिशी २०५२ संपेपर्यंत त्यांच्या वारसांच्या आहेत. एकाच कॅसेटीत पहिली चीज कुणाचीच नाही आणि दुसरी कुणाची तरी आहे, असं सर्रास होतं.

खाँसाहेबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्यांच्या हयातीत निघालेल्या एलपी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९७४ साली कलकत्त्यात मोटार अपघातात ते गेले, आणि आज आपण त्यांचं म्हणून जे ऐकतो त्यातलं पुष्कळसं आकाशवाणीचं किंवा खासगी बैठकांचं आहे. कुणीतरी गादीच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवला होता, कधी विचारून, कधी न विचारता. त्यांच्या आधीच्या काळातले जयपूर घराण्याचे थोर गवई अल्लादिया खाँसाहेब, त्यांच्या बैठकीत तसा कुणी नव्हता, म्हणून त्यांचा आवाज आज कुठंच ऐकता येत नाही. तुमच्या मामांसारख्या माणसांना मी चोर म्हणायला तयार नाही. कायदाही म्हणत नाही: स्वतःच्या ऐकण्यासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेलं ध्वनिमुद्रण कलम ३९ मध्ये कलाकाराच्या हक्काचा भंग धरलेलं नाही. भंग होतो तो माझ्या दुकानात व्हायचा, प्रत विकली की.

ही गोष्ट टेपरेकॉर्डरच्या कितीतरी आधीची आहे. ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे मुहम्मद खाँ होते, त्यांच्या तानेचा मोठा दबदबा. ते घराबाहेरच्याला शिकवेनात. तेव्हा महाराजांनी हद्दू-हस्सू खाँ या भावांना पडद्याआड बसवून ती गायकी महिनोन् महिने ऐकवली आणि मग एके दिवशी दरबारात गायला लावली, असं सांगतात. बडे मुहम्मद खाँ फार दुखावले. पुढं त्याच हद्दू-हस्सू खाँच्या परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले, त्यांच्याकडून विष्णु दिगंबर पलुस्कर, आणि आज महाराष्ट्रात ख्याल गाणाऱ्या निम्म्या लोकांची वंशावळ त्या पडद्याशी जाते. म्हणजे आपलं सगळं गाणंच नकलेवर उभं आहे म्हणायचं का? दंतकथेतले भाऊ काय करत असतील ठाऊक नाही, पण आजही गवई दुसऱ्याची चीज गाताना आधी कानाला हात लावून त्याचं नाव घेतो. नाव घेणं हीसुद्धा परतफेड आहे, आणि आपल्या रसिकांना तेवढीही जमत नाही. यूट्यूबवर जुन्या बैठका बघा: गायकाचं नाव मोठ्या अक्षरांत, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, सारंगीवर कोण, पत्ता नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर कलाकार म्हणून आपलं नाव लागण्याचा हक्क कायद्यातही आला आहे. त्यात तबलजीही कलाकारच आहे.

कुमारजींच्या निर्गुणी भजनांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी माझ्याच्यानं राहवत नाही म्हणून लिहितो. १९४८ साली क्षयानं आजारी होऊन ते देवासला आले आणि पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी, नाथपंथी जोग्यांची भजनं ऐकली. त्यातून पुढं जे झालं ते तुम्ही गाडीत ऐकता. त्या बायकांना, त्या जोग्यांना कुणी काय दिलं? कायद्याला नाव लागतं, तारीख लागते. दळताना गाणाऱ्या बाईकडे दोन्ही नाही. कुमारजींनी माळव्याचं नाव घेतलं, आयुष्यभर घेतलं. माझ्यापुरतं मी एक करतो. उज्जैन-देवासकडच्या गावांत कबीर गाणाऱ्या मंडळ्या आहेत. त्यांच्या रात्रीच्या सत्संगाला गेलो की निघताना तंबुऱ्याजवळ नोट ठेवतो. तुम्हीही एकदा जाऊन या. प्रह्लादसिंह टिपानियांना तुम्ही ऐकलं असेलच. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्यासारखं गाणारे आणखी पुष्कळ आहेत, ज्यांचं यूट्यूबवर काहीच नाही.

पैसे एकदाच द्यायचे की गाणं वाजेल तितक्यांदा, हा वाद आपल्याच शहरात जन्मलेल्या बाईंनी पेटवला होता. लता मंगेशकर २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरात जन्मल्या. साठच्या दशकात त्यांनी मागणी लावून धरली की संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा मिळतो तसा पार्श्वगायकालाही मिळावा. महंमद रफींचं म्हणणं पडलं की निर्मात्यानं ठरलेलं मानधन दिलं, गाणं चालो न चालो, गायकाचा संबंध संपला. यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. रसिकांना त्यात चुरस वाटते, मला नाही वाटत. दोघांनाही आपण म्हणतो ते मनापासून पटलेलं होतं. रफींच्या बोलण्यात जुन्या बिदागीची सभ्यता आहे: यजमानानं पाकीट दिलं, आपण नमस्कार केला, विषय मिटला. पण बैठक एकदाच होते. तबकडी पन्नास वर्षं वाजते आणि कुणाचं तरी दुकान चालवते. माझंच चालवत होती. कायद्यानं गायकाला व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिला तो २०१२च्या दुरुस्तीत. म्हणजे बाईंचं म्हणणं पुस्तकात यायला पन्नास वर्षं लागली, आणि पुस्तकातून हातात पडायला अजून किती लागतील बघू. इंदूरच्या एका गायिकेच्या अल्बमच्या करारात मी ओळ वाचली आहे, ‘सर्व हक्क एकरकमी कायमचे’, आणि खाली तिची सही. रक्कम सांगत नाही. तिच्या तानपुऱ्याच्या दुरुस्तीलाही पुरली नसती.

आता मेलेल्यांचं देणं. मारव्याच्या तबकडीवर कायद्यानं कुणाचा हक्क उरला नसेल, तर तुम्ही कुणाचं काही लागत नाही, बरोबर? कागदावर बरोबर. पण हे असं गाणं तयार व्हायला काय लागतं बघा. खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ होळकरांच्या पदरी होते. मुलगा वाढला तो त्या पगारावर आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्या गुणीजनांत. पुढं दरबार गेले, रेडिओ आला, मग कंपन्या आल्या. प्रत्येक पिढीत कुणीतरी खर्च उचलला, आपण फक्त ऐकत आलो. आज दरबार नाही आणि रेडिओचा हात आखडला आहे. उद्याचा मारवा म्हणणारा मुलगा आत्ता इंदुरात कुठल्यातरी गच्चीवरच्या खोलीत खर्ज लावत बसला असेल, आणि दुपारी शाळेत संगीतशिक्षकाची हंगामी नोकरी करत असेल. तुमचं देणं त्याच्याकडे वळवा.

आणि ते देण्याची जागा म्हणजे बैठक. इथं मला इंदूरकरांची थोडी खरडपट्टी काढायची आहे, त्यात मीही आलो. आपलं हे पासांचं शहर. सराफ्यात रात्री बारा वाजता भुट्टे का कीस आणि गराडू खायला दोनशे रुपये सहज निघतात. गाण्याला तीनशेचं तिकीट म्हटलं की पहिला प्रश्न, ‘पास नाही का मिळणार?’ पुढच्या चार रांगा पासवाल्यांच्या, आणि मध्यंतरात उठून जाणारेही तेच. एका छोट्या बैठकीचा हिशेब सांगतो, मी स्वतः तो पुष्कळदा मांडला आहे. साठ माणसं, माणशी तीनशे: अठरा हजार. तबला आणि पेटी मिळून सात. बाहेरगावच्या गायकाचा प्रवास-मुक्काम तीन. गाद्या, चहा, आवाजाची व्यवस्था दोन. उरले सहा, ही गायकाची बिदागी. आता साठातले वीस पासवर आले असं धरा: गायकाची बिदागी शून्यावर आली. मग त्याला शाल आणि नारळ देतात. माझ्या ओळखीचे एक बुवा अशा शालींवर नाव लिहून त्याच भाचीच्या लग्नात आहेर म्हणून देतात, म्हणतात काय करू, घरात जागा नाही.

फुकट ऐकणं म्हणजे पाप असं मी म्हणत नाही. डिसेंबरात ग्वाल्हेरला तानसेन समारोहाला जा, पैसे न देता ऐका. तिथं बिदागी सरकार देतं, म्हणजे तुमच्या करातून जाते. गाणाऱ्याला मिळालं ना, मग मला बाकी काही म्हणायचं नाही.

माझी स्वतःची पद्धत विचाराल तर एक तारखेला हजार रुपये पाकिटात घालतो, हल्ली मोबाइलमध्ये वेगळे काढतो. त्यातून बैठकीचं तिकीट, पास असला तरी. कुणाचा अल्बम बँडकँप या संकेतस्थळावर असेल तर तिथून विकत घेतो, कारण तिथं विक्रीचा मोठा भाग, ऐंशीएक टक्के, कलाकाराच्या हातात पडतो आणि फाइल माझ्याकडे राहते. इंदूर-देवासचे गाणारे तिथं फारसे नाहीत. त्यांना सरळ फोन करतो, अल्बम आवडला म्हणतो आणि पाचशे रुपये यूपीआयनं पाठवतो. पहिल्यांदा समोरचा माणूस गोंधळतो. एका तबलजींनी मला ते परत पाठवले होते, सोबत निरोप: ‘काका, चुकून आले वाटतं.’ काही महिने काहीच होत नाही आणि पाकीट साचतं, मग कुणाच्या शिष्याच्या वाद्याला उपयोगी पडतं. तुमच्या पगारात हजार जमणार नाहीत तर तीनशे. ॲपच्या दुप्पट तरी असू द्या, एवढंच.

राहिला मामांच्या कॅसेटींचा मामला, आणि ही घाईची गोष्ट आहे, कारण फीत वाट बघत नाही. आधी काहीही वाजवू नका. कपाटातून निघालेली कॅसेट तीसेक वर्षं न फिरलेली असते. आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, मग वाजवा. डेकचं हेड आणि रबराचं चाक दर चार-पाच कॅसेटींनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आवाज गुदमरलेला वाटला तर लगेच संगणकावर तिखट करू नका. बहुतेक वेळा मामांच्या मशीनच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन जुळत नसतो. हेडजवळच्या बारीक स्क्रूनं, कानानं ऐकत, अगदी केसभर फिरवून तो जुळवता येतो. फाइल वेव्हमध्ये चोवीस बिटवर घ्या. एमपी३ नंतर हवी तितकी काढा. कव्हरच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मामांचं अक्षर ही त्या फितीची जन्मपत्रिका आहे.

वेगाकडे लक्ष द्या. बॅटरी उतरलेल्या मशीनवर फीत सावकाश फिरत होती, तर आज ती वाजवताना आवाज चढा आणि घाईचा येतो. काळी एक पट्टीचा गवई अर्धा सूर चढून पांढरी दोनमध्ये गायला लागतो. मशीन विजेवर चाललं असेल तर आवाजामागे एक बारीक गुरगुर असते, ती मूळची पन्नास हर्ट्झची. संगणकावर ती बावन्नला दिसली तर फीत तेवढी जोरात आहे, वेग त्या हिशेबानं उतरवा. तेव्हाची वीजही फार इमानी नव्हती, म्हणून शेवटचा निकाल तुमच्या कानाचा. गायकाची दुसरी एखादी ध्वनिमुद्रिका शेजारी लावून बघा.

यूट्यूबवर सरसकट टाकू नका. १९९८ची बैठक म्हणजे कलाकाराचा हक्क जिवंत आहे. तो पन्नास वर्षांचा असतो, म्हणजे २०४८ संपेपर्यंत. विचारल्याशिवाय टाकणं म्हणजे माझं दुकान पुन्हा उघडणं, फक्त भरणावळ यूट्यूबला. फार जुन्या बैठकांत गाणारे गेले असतील तर घरच्यांना विचारा. बहुतेक ‘जरूर टाका’ म्हणतात. एखादं घर नको म्हणतं, त्या रात्री आवाज लागला नव्हता म्हणून, आणि गाणाऱ्याला तो हक्क असायला हवा. परवानगीनं टाकतानाही एक गंमत होते. इंदूरच्याच एका हयात गायकाचं, त्यांच्या संमतीनं मी टाकलेलं ध्वनिमुद्रण यूट्यूबवर गाणी आपोआप ताडून बघणाऱ्या यंत्रानं एका कंपनीचं म्हणून सांगितलं होतं. राग तोच, पट्टी तीच, यंत्राला सारखं वाटलं असणार. हरकत नोंदवली, महिन्यानं सुटलं. म्हणून संमती बोलण्यावर ठेवू नका, चार ओळी लिहून सही घ्या, आणि मूळ फीत फेकू नका. ज्या तुम्हाला टाकायच्या नाहीत पण सांभाळायच्या आहेत, त्यांच्यासाठी संग्राहक आणि संग्रहालयं आहेत. महूच्या रस्त्याला पिगडंबर गावात लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. एकदा तिथं जाऊन या, जुनी तबकडी कशी ठेवतात ते तरी कळेल.

पूरिया कल्याणच्या कॅसेटीपासून सुरुवात करा. ती आधी उतरवा, आणि त्या बाईंना फोन करून संध्याकाळी घरी जा. लिंक पाठवू नका, स्वतः जा. माझ्या अनुभवात अशा वेळी पेन ड्राइव्ह हातात घेऊन त्या विचारतात, ‘हे लावायचं कशावर?’ म्हणून सोबत एक छोटा स्पीकर न्या. त्या रात्री तबल्यावर कोण होतं हे मामांनी लिहिलेलं नसेल, ते त्यांना विचारून लिहून घ्या. आणि जमलं तर फोन सकाळी नऊच्या आत नका करू, रियाजाची वेळ असते.